बिनगमतीचा सामना

खेळाच्या बाईंना टाळ्या आवडत, हशा आवडत नसे. पण त्यांच्या नशिबी असं आलं, की जन्मभर ज्या सामन्यांत टाळ्या मिळाल्या त्याच सामन्यांत हशाही मिळाला, आणि दोन्ही एकाच माणसामुळे. तो माणूस म्हणजे त्यांचा नवरा.

बाई मुलींच्या शाळेत खेळ शिकवत. गळ्यात शिट्टी, केस घट्ट बांधलेले, आणि चाल अशी की मागून येणाऱ्या मुली आपोआप पाय जुळवून चालायला लागत. नवरा टेनिस क्लबात शिकवायचे. त्यांना सगळे कोच म्हणत. त्यांची धाकटी बहीणसुद्धा, चिडवायचं असलं की, कोचसाहेब म्हणे. बहीण शिवणकाम करी आणि दोन गल्ल्या सोडून राहात असे. बाईंचे पांढरे स्कर्ट तीच शिवून द्यायची आणि मापं घेताना तोंडात टाचण्या धरूनही बोलायची थांबत नसे.

बाई त्या क्लबात जन्मल्या नव्हत्या, पण जवळपास तसंच. त्यांचे वडील क्लबाच्या धुलाईघरात इस्त्रीवाले होते. मेंबरांचे पांढरे सदरे, पांढऱ्या चड्ड्या, पांढरे झगे दिवसभर त्यांच्या हाताखालून जात. धुलाईघराच्या मागची भिंत बिनखिडक्यांची आणि गुळगुळीत होती. शाळा सुटली की मुलगी त्या भिंतीशी जाऊन उभी राही. कोणीतरी टाकून दिलेली एक रॅकेट तिला मिळाली होती, वरच्या अंगाला दोन तारा तुटलेली. त्या भोकात बॉल गेला की अडकून बसे, म्हणून प्रत्येक बॉल रॅकेटच्या अगदी पोटात घ्यायची तिला सवय लागली. पुढे लोक विचारत, बाईंचा फटका इतका स्वच्छ कसा? त्यामागे शास्त्र वगैरे काही नव्हतं, रॅकेटला भोक होतं.

भिंत काही सवलत देत नाही. जेवढ्या जोरात मारावं तेवढ्याच जोरात ती परत करते. भिंतीसमोर शिकलेल्या मुलीला पुढे बायकांच्या स्पर्धेत हरवायला कोणी उरलं नाही. आसपासच्या क्लबांत टेनिस खेळणाऱ्या बायकाच बोटावर मोजण्याइतक्या. त्यातल्या निम्म्या लग्न झाल्यावर रॅकेट माळ्यावर टाकून मोकळ्या झालेल्या. कप बाईंच्या घरी येत राहिला आणि त्याची किंमत वाटेनाशी झाली.

तेव्हा क्लबात नवीन कोच आले. काडीसारखे बारीक, लांब हातांचे. त्या वर्षीच्या वर्धापनदिनाला सेक्रेटरींच्या डोक्यात कल्पना आली, की पुरुष विरुद्ध बाई असा प्रदर्शनी सामना ठेवावा. नियम त्यांनीच ठरवले. पुरुषाला एकच सर्व्हिस, ती चुकली की गुण गेला. बाईला नेहमीप्रमाणे दोन. पुरुषाच्या बाजूला कोर्टाच्या कडेच्या दोन्ही गल्ल्याही धरायच्या, म्हणजे त्याला जास्त जागा सांभाळावी लागेल. बाईच्या बाजूला मात्र मधलं अरुंद कोर्टच.

हे नियम फळ्यावर लिहिले होते. एक नियम फळ्यावर नव्हता, तो सेक्रेटरींनी कोचना कोपऱ्यात घेऊन सांगितला. पहिला सेट तुम्ही घ्या, दुसरा तिला द्या, तिसऱ्यात मी खूण करीन. पाहुणे म्हणून कोणाची बायको आली असली तर बाईला जिंकू द्यायचं, मोठे साहेब स्वतः आले असले तर तुम्ही जिंकायचं.

त्या पहिल्या सामन्यात दुसऱ्या सेटला एक गोष्ट घडली. बाईंनी कोचच्या डावीकडे, बॅकहँडला, एक सपाट फटका मारला आणि कोचची रॅकेट हवेत फिरली. बॉल मागे निघून गेला. खरं तर तेव्हा ते खरोखरच चुकले होते. ओशाळून त्यांनी रॅकेट डोळ्यांसमोर धरली आणि तारांतून आरपार पाहिलं, जणू बॉल भोकातून गेला असावा. लोक पोट धरून हसले. खुर्चीवर पंच म्हणून बसलेल्या सेक्रेटरींचा चष्मा खाली पडला.

सामना संपल्यावर नळाशी पाणी पिताना बाईंनी कोचना गाठलं.

"तुम्ही सोडलात ना?"

कोचनी तोंड पुसलं. "दुसरा सेट सोडला," ते म्हणाले. "पण तो बॅकहँड नाही सोडला. तो तुमचाच होता."

बाईंनी आजवर पुष्कळ कौतुकं ऐकली होती. हे वाक्य त्या सगळ्यांपेक्षा वेगळं होतं, कारण त्याचा पहिला भाग कडू होता. असा माणूस आपल्याला फसवणार नाही असं त्यांच्या मनानं घेतलं. वर्ष सरायच्या आत दोघांचं लग्न झालं.

पुढे "कोच विरुद्ध बाई" हा खेळच होऊन बसला. वर्धापनदिनाला तर असेच, पण कारखान्यांचे क्रीडामहोत्सव, शाळांच्या इमारतनिधीचे कार्यक्रम, शेजारच्या गावांतले क्लब, सगळीकडून बोलावणी येत. दोघं बसनं जात. मांडीवर रॅकेटी, पायाशी बॉलचे डबे. आणि तो बॅकहँडचा विनोद कायमचा ठरून गेला. प्रत्येक सामन्यात एकदोनदा कोच डावीकडचा बॉल मुद्दाम चुकवत, तारांतून आरपार पाहात, मग रॅकेट प्रेक्षकांतल्या एखाद्या म्हाताऱ्याकडे नेऊन विचारत, "काका, तुम्हाला दिसतंय का भोक?" तो विनोद लागू पडला नाही असं कधी झालं नाही.

"घरी कोण जिंकतं?" असंही कोणीतरी हमखास ओरडे. कोच दोन्ही हात वर करून शरण येत. पुन्हा हशा.

नणंद म्हणायची, "वहिनी, दादा कोर्टावर तुला जिंकू देतो, आणि घरी तू त्याला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. हिशेब फिट्टंफाट."

"मला कोणी जिंकू दिलेलं नकोय," बाई म्हणत.

"टाचणी लागेल, हलू नकोस. मग काय हवंय?"

काय हवंय ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांना एक सामना हवा होता. फळ्यावर लिहिलेली सवलत त्यांना मान्य होती. ती उघड होती, सगळ्यांदेखत होती, तिच्यात कमीपणा नव्हता. पण लपवलेली सवलत नको. कोचनी जीव तोडून खेळावं, आणि मग जे काय होईल ते होईल. आपण नेमक्या किती पाण्यात आहोत हे त्यांना जन्मात एकदा कळायला हवं होतं.

कोणी म्हणेल, नवराबायको एका घरात, कोर्ट चार पावलांवर, मग एखाद्या सकाळी खेळून का टाकलं नाही? खेळत तर ते रोजच. पण कोचचा धंदाच असा, की समोरच्याला खेळतं ठेवायचं. पाहणारं कोणी नसलं की ते शिकवायला लागत. बॉल बाईंना हवा तिथेच येई, त्या दमल्या की जरा हळू येई. "अहो, मारा की जोरात," म्हटलं की "मारतोय की" म्हणत आणि पुन्हा तसाच अलगद बॉल टाकत. त्यांच्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं. मग बाईंना वाटे, लोकांपुढे, पंचापुढे, गुण मोजले जात असतील तेव्हाच हे खरे खेळतील. आणि लोकांपुढे तर गंमत ठरलेली.

"एकदा खरं खेळायचं हं," दर वर्षी बाई म्हणत.

"खेळू की," दर वर्षी कोच म्हणत.

असं म्हणता म्हणता मुलगी मोठी होऊन नोकरीसाठी दूर गेली, सेक्रेटरींना खुर्चीवर चढायला दोन माणसांचा आधार लागू लागला, आणि बाईंच्या उजव्या खांद्यात कळ यायला लागली. शाळेतून निवृत्त व्हायचं वर्ष आलं त्याच वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, आता डोक्यावरून हात नेऊन सर्व्हिस करणं बंद. बाईंनी घासाघीस करून वर्धापनदिनापर्यंतची मुदत मिळवली.

त्याआधी एका शाळेच्या कार्यक्रमात दोघांचा सामना झाला. त्या दिवशी कोचनी कहर केला. बॅकहँडचा विनोद एकदोनदा करायचा, तो त्यांनी इतक्या वेळा केला की मुख्याध्यापिका डोळ्यांना रुमाल लावून हसत होत्या. बाई प्रत्येक वेळी कोर्टाच्या मध्यावर रॅकेट धरून थांबून राहात आणि हसू ओसरायची वाट पाहात. येताना बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या.

"एवढं काय झालं?" कोच म्हणाले.

"मी चांगले फटके मारले आज."

"मारलेस की."

"एकही कोणाला दिसला नाही. सगळ्यांना तुमची थेरं दिसली." मग त्यांच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "वर्धापनदिनाला शेवटचं खेळणार मी. या वेळी गंमत नको. मला शब्द द्या."

कोचनी पायाशी ठेवलेले बॉलचे डबे सरळ केले. मग म्हणाले, "या वर्षी नको गं."

"या वर्षी नाही तर कधी? पुढच्या वर्षी माझा हात वर जाणार नाही."

"मी म्हातारा झालोय."

"मग तर झालंच. मला जिंकायची संधी आहे."

त्यावर कोच हसले, पण हसू लगेच मावळलं. घर येईपर्यंत ते स्वतःच्या हातांकडे पाहात बसले होते. दारात किल्ली काढताना म्हणाले, "ठीक आहे. दिला शब्द. एकही बॉल सोडणार नाही."

बाईंनी त्या दिवसापासून तरुण पोरीसारखी तयारी केली. पहाटे पायऱ्या चढउतर, खांद्याला शेक, जेवणात तेल कमी. नणंदेनं नवा स्कर्ट शिवला. माप घेताना ती म्हणाली, "कंबर कमी झालीय वहिनी. नवऱ्याला हरवायला एवढी मेहनत? दुसऱ्या बायका नुसत्या रडतात."

"मला रडायचं नाहीय. मला खेळायचंय."

सेक्रेटरींना बाईंनी स्वतः जाऊन सांगितलं, की या वेळी खूण करायची नाही. सेक्रेटरी म्हणाले, "पाहुणे म्हणून कोण येणार ते अजून ठरायचंय," आणि मग बाईंचा चेहरा पाहून म्हणाले, "बरं बरं."

वर्धापनदिनाला कोर्टाभोवतीच्या बाकांवर नेहमीची गर्दी होती. कोच विरुद्ध बाई पाहात लहानाचे मोठे झालेले लोक आता आपली पोरं घेऊन आले होते. फळ्यावर तेच जुने नियम लिहिले होते.

पहिल्याच गेमला बाईंना कळलं, की आज वेगळं आहे. कोचनी उजव्या बाजूनं, फोरहँडनं, असा फटका मारला की बाईंच्या हातातली रॅकेट फिरली. इतक्या वर्षांच्या संसारात असा फटका त्यांनी नवऱ्याकडून घेतला नव्हता. मनगटात झिणझिण्या आल्या आणि बाईंना इतका आनंद झाला, की गुण गेल्याचं लक्षातही राहिलं नाही. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. हा माणूस असं खेळू शकतो तर. इतकी वर्षं हे सगळं कुठे ठेवलं होतं? दोन गेम कोचचे झाले आणि बाई आपल्या जागी परत चालत गेल्या त्या ताठ मानेनं.

मग कुठलाही चांगला खेळाडू करील तेच त्यांनी केलं. फोरहँड भारी पडतोय तर बॅकहँडला मारायचं. पुढचा बॉल त्यांनी कोचच्या डावीकडे घातला. कोचची रॅकेट उशिरा फिरली. बॉल गेला. लोक हसले.

बाईंनी नवऱ्याकडे रोखून पाहिलं. त्यांनी तारांतून पाहिलं नव्हतं. नुसतेच उभे होते. पण लोक सवयीनं हसत होते, आणि बाईंना वाटलं, चुकलाच असेल. एखादा चुकतोच माणूस. त्यांनी पुन्हा डावीकडे मारला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी कोचनी मान अशी काही वाकडी करून डावीकडे वळवली, की पुढच्या बाकावरचा एक म्हातारा ओरडला, "कोच, भोक बुजवून घ्या आता." बाकं हशानं हलली.

नवीन विनोद काढलाय, बाईंच्या मनात आलं. मानेचा. जुना नको म्हटलं म्हणून नवा.

पहिला सेट बाईंनी घेतला. बाजू बदलताना नेटच्या खांबापाशी दोघं समोरासमोर आले.

"शब्द दिला होतात," बाई ओठांतल्या ओठांत म्हणाल्या.

"पाळतोय." कोचना धाप लागली होती. सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

"मग डावीकडे ही काय थेरं?"

"तू खेळ."

"मला कीव नकोय तुमची."

"तू खेळ गं," कोच म्हणाले आणि पलीकडे निघून गेले.

दुसरा सेट सुरू झाला. उजवीकडचे फटके अजूनही तसेच येत होते, आणि त्यामुळे तर बाईंचा राग आणखी वाढत होता. ज्याला इकडून असं मारता येतं त्याला तिकडून येत नाही, यावर कोणाचा विश्वास बसेल? चिडून त्या प्रत्येक बॉल डावीकडेच घालू लागल्या. घ्या, करा गंमत. बघू किती करता. गेममागून गेम बाईंचे होत गेले आणि प्रत्येक गुणाला हशा वाढत गेला.

शेवटी एक बॉल बाईंनी हलकेच टाकला. पोरंही घेतील असा. तो कोचच्या डाव्या पायापासून हातभर अंतरावर पडला, उसळला, पुन्हा पडला. कोच समोर पाहात, गुडघे वाकवून, रॅकेट सरसावून, त्याची वाट पाहात उभे होते. बॉल त्यांच्या मागे घरंगळत गेला तरी ते वाट पाहातच होते. लोक बाकांवरून पडायचेच बाकी राहिले. इतका सुरेख विनोद कोचनी आजवर केला नव्हता.

बाई नेटपाशी गेल्या. पंचाच्या खुर्चीकडे मान वर करून स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "मी सामना सोडतेय."

"अहो, पण तुम्ही जिंकताय," सेक्रेटरी म्हणाले.

बाई नवऱ्याकडे वळल्या. "आयुष्यभर लोकांपुढे माझं हसं केलंत. आज तरी नको होतं."

कोच नेटजवळ आले. गोंधळलेल्या चेहऱ्यानं त्यांनी हळूच विचारलं, "अगं, बॉल होता कुठे?"

पहिल्या बाकावरच्यांना ते ऐकू गेलं आणि ते पुन्हा हसले. बाईंनी रॅकेट काखेत मारली आणि फाटकातून बाहेर पडल्या. मागे सेक्रेटरींनी कोच विजयी झाल्याचं जाहीर केलं. नियम तसाच होता.

संध्याकाळी नणंद समेट घडवायला आली. घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. बाईंनी भांडी जरा जास्तच आवाज करत मांडली, दोघांना वाढलं आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. नणंद एकटीच बोलत होती.

"लोक किती खूश झाले पण. मी तर इतकी हसले. वहिनी, तू उगाच मनाला लावून घेतेस. दादाचा स्वभावच तो."

कोच खाली मान घालून जेवत होते. भात संपला, अंडं संपलं. पाणी प्यायले आणि ताट जरा पुढे सारून म्हणाले, "भाजी नव्हती वाटतं आज."

नणंद खो खो हसली. "झालं. आता घरीपण सुरू."

बाई ताडकन काहीतरी बोलणार होत्या. ओठावर शब्द आले होते. पण त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला. विनोद करायच्या आधी कोचच्या तोंडावर एक भाव यायचा. लोकांना तो दिसत नसे, बाईंना दिसे. आता तो नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानात साबण मिळाला नाही असं सांगावं तितक्या साधेपणानं ते भाजीबद्दल बोलले होते. आणि भाजी ताटात होती. ताटाच्या डाव्या अर्ध्या भागात, वाढली तशी, एक फोडही न हललेली.

बाई टेबलापाशी आल्या. त्यांनी ताट धरलं आणि अर्धं फिरवलं.

कोचनी पाहिलं. "अरे," ते म्हणाले, "आहे की."

नणंदेचं हसू अर्ध्यावर राहिलं.

बाईंनी नवऱ्याच्या डाव्या कानाजवळ हात नेऊन बोटं हलवली. कोच समोर पाहात भाजी खात होते. बाईंनी हात हळूहळू पुढे आणला. नाकासमोर आल्यावर कोच एकदम दचकले, मान मागे घेतली, आणि मग त्यांना समजलं की काय चाललं होतं. त्यांनी घास ताटात ठेवला.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"शाळेच्या त्या कार्यक्रमाआधी एकदा कोर्टावर डोकं दुखलं होतं बघ. ऊन लागलं म्हणून मी लवकर आलो. तेव्हापासून." त्यांनी बोटं ताटाच्या कडेला पुसली. "बॉल येतो, येतो, आणि मग नसतोच."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"अर्धं दिसणारा कोच कोण ठेवील?" त्यांनी मान खाली घातली. "बॉल चुकला की लोक हसायचे. मला वाटलं, बरंय. लोक हसताहेत तोवर कोणाला कळत नाही. तुलासुद्धा कळलं नाही."

ते टोचून बोलले नव्हते, म्हणूनच ते बाईंना जास्त लागलं. त्या खुर्चीवर बसल्या. नणंदेनं पदर तोंडाला लावला आणि ती ओट्यापाशी जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिली.

डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. मेंदूत मागच्या बाजूला एका ठिकाणी रक्त पोचायचं थांबलं होतं आणि तेवढी जागा मेली होती. दोन्ही डोळ्यांचं डावीकडचं दिसणं गेलं. "वेळेवर आला असतात तर" असं काहीतरी ते म्हणू लागले, पण बाईंकडे पाहून त्यांनी वाक्य बदललं. पुन्हा येईल का या प्रश्नाला त्यांनी नाही म्हणून सांगितलं.

क्लबानं नवीन कोच शोधला. सेक्रेटरी घरी येऊन गेले, चहा ढवळत बसले आणि न पिताच गेले. तेही त्या दिवशी खुर्चीवर बसून हसले होते.

दिवस जात राहिले. बाई शाळेतून निवृत्त झाल्या. रस्त्यानं चालताना त्या नवऱ्याच्या डाव्या बाजूला चालत. आणि एका सकाळी, चहाच्या वेळी, इतके दिवस घशाशी अडकलेला प्रश्न त्यांनी विचारला.

"त्या दिवशी तुम्ही खरं खेळत होतात?"

"मग काय," कोच म्हणाले. "एक बॉल सोडला नाही. जेवढे दिसले तेवढ्या सगळ्यांच्या मागे धावलो. तुला तसं खेळायचं होतं ना. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही."

बाईंनी कप खाली ठेवला. ज्या सामन्याची जन्मभर वाट पाहिली तो झाला होता. तो समोर चालू होता, नवरा जीव तोडून खेळत होता, आणि त्याच्यावर खोटेपणाचा आळ घेऊन त्या मधूनच उठून आल्या होत्या.

"पुरा करू या?" त्या म्हणाल्या.

"तुझा खांदा?"

"खांद्याचं मी बघते. चला."

सकाळचं कोर्ट रिकामं होतं. नव्या कोचचे धडे सुरू व्हायला अवकाश होता. दोघं आपापल्या बाजूला उभे राहिले. बाईंनी ठरवलं होतं, की जसं त्या दिवशी खेळलो तसंच आज खेळायचं. सवलत द्यायची नाही. त्यांना स्वतःला सवलतीचा किती राग होता.

हात वर जाईना, म्हणून त्यांनी खालूनच बॉल मारला. तो कोचच्या उजवीकडे गेला. कोचनी परत केला. बाईंनी रॅकेट डावीकडे वळवली, निदान त्यांना वाटलं आपण वळवली. बॉल पुन्हा उजवीकडेच गेला. अलगद, फोरहँडला बरोबर घेता येईल असा. तिसराही तसाच. चौथ्या वेळी कोचनी बॉल मारलाच नाही, हातात धरला आणि नेटपाशी आले.

"बघ," ते म्हणाले.

"चुकून गेला. पुन्हा मारते."

"नाही जायचा गं." कोचचा आवाज शांत होता. "माझाही नाही जायचा. मी काही कीव म्हणून नव्हतो सोडत तुला. हातच जायचा नाही."

बाई नेटची पट्टी घट्ट धरून उभ्या राहिल्या. खांदा ठणकत होता. रडू येत होतं आणि नवऱ्याच्या उजव्या बाजूला उभं राहून रडायचं नव्हतं, म्हणून त्या वळसा घालून डावीकडे आल्या. तिथे त्या मोकळेपणानं रडल्या. कोचना हुंदके ऐकू येत होते की नाही कोण जाणे. ते बाईंना शोधत मान वळवू लागले तेव्हा बाईंनी डोळे पुसले.

मग कोच बॉल गोळा करायला लागले. वाकून एकेक उचलायचा, रॅकेटवर ठेवायचा, तीच जुनी पद्धत. कोर्टाची उजवी बाजू त्यांनी स्वच्छ केली, डबा भरला आणि झाकण लावायला घेतलं. डाव्या कडेच्या गल्लीत तीन बॉल तसेच पडले होते.

"राहिलाय का गं कुठे एखादा?" त्यांनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "सगळे आलेत."